नवीन रिलीझ लांबलंय? तोवर काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

डेबियनचं, म्हणजे त्या फुकट मिळणाऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचं, नवीन व्हर्जन कधी येणार असं विचारून आजवर कुणाला लवकर तारीख मिळालेली नाही, कारण त्यांचं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे, तयार झालं की येईल. तरी लोकं दर खेपेला तेच करतात. रात्री जेवण झालं की बघायचं आलं का, नाही आलं की दोन शिव्या हासडायच्या, आणि मग डोकं फिरलं की कुठल्यातरी व्हिडिओत बघून सोर्सेसच्या फाइलीत, म्हणजे सॉफ्टवेअर (पॅकेज) कुठनं घ्यायचं ते लिहिलेलं असतं तिथं, टेस्टिंगची (अजून तयार होत असलेल्या व्हर्जनची) ओळ घालायची आणि सकाळी लॅपटॉप काखेत मारून कोल्हापुरात राजारामपुरीत दुकान उघडायची वाट बघत उभं राहायचं. चिडचिड मलापण होते, लई होते, पण त्या चिडचिडीत मशीनचं वाटोळं करायचं कारण नाही. वाट बघायच्या काळात करण्यासारखं बरंच असतं, ते सांगतो. बहुतेक डेबियनच धरून सांगतोय कारण माझं तेच आहे, उबुंटू, मिंट, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी आपापलं जुळवून घ्यावं.

पहिलं म्हणजे खरंच उशीर झालाय का ते बघा. आपण मनात एक तारीख धरतो आणि ती टळली की उशीर म्हणतो, समोरच्यानं ती तारीख दिलेलीच नसते. मागची तीन रिलीझ बघा, ११ बुल्सआय १४ ऑगस्ट २०२१ ला, १२ बुकवर्म १० जून २०२३ ला, १३ ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला. तिन्ही शनिवार, आणि ट्रिक्सीच्या शनिवारी तर राखी पौर्णिमा होती, घरात बहिणी ताट घेऊन उभ्या आणि अर्धी पोरं टॉरेंट लावून बसलेली. म्हणजे साधारण दोन वर्षांला एक. यावरनं १४ चा, म्हणजे फोर्कीचा, अंदाज २०२७ च्या मध्याचा धरायचा, त्याआधी उशीर म्हणायला जागाच नाही.

पक्का अंदाज पाहिजे असेल तर फ्रीजच्या, म्हणजे रिलीझआधी बदल टप्प्याटप्प्यानं बंद करायच्या, तारखा बघायला शिका, बाकी सगळ्या गप्पा. ट्रिक्सीचं असं झालं की १५ मार्चला पहिला फ्रीज लागला, त्यात मोठ्या लायब्ररी आणि कंपायलर बदलणं बंद. १५ एप्रिलला सॉफ्ट फ्रीज, आता नवीन पॅकेज आत घेणार नाही. १५ मेला हार्ड फ्रीज, महत्त्वाच्या पॅकेजमध्ये काहीही बदलायचं तर रिलीझ टीमकडं परवानगी मागायची. २७ जुलैला पूर्ण फ्रीज आणि त्यानंतर दोन आठवड्यात रिलीझ. हार्ड फ्रीजनंतर जवळजवळ तीन महिने बाहेरनं बघणाऱ्याला काहीच हलताना दिसत नाही आणि शिव्या सगळ्यात जास्त त्याच काळात पडतात, खरं काम मात्र तेव्हाच चाललेलं असतं. उद्यमनगरात कुठल्याही फौंड्रीत विचारा, मोल्ड गार व्हायच्या आधी फोडला तर कास्टिंगचं काय होतं.

दुसरा आकडा बघायचा तो रिलीझ क्रिटिकल बगांचा. हे बग म्हणजे बटणाचा रंग चुकलाय असले नव्हे, डेटा जातोय, सिक्युरिटीत भोक आहे, पॅकेज बिल्डच होत नाही, असले. तो आकडा उतरत असेल तर रिलीझ जवळ आलंय, आठवडेच्या आठवडे तिथंच अडकला असेल तर अजून वेळ आहे, सरळ आहे. आणि ज्याचा बग कुणी सोडवत नाही ते पॅकेज टेस्टिंगमधनं काढून टाकतात, तेव्हा तुमचं आवडतं पॅकेज यादीतनं गायब झालं तर घाबरायचं नाही पण त्याच्या पानावर जाऊन कारण वाचायचं.

लांबणं काय असतं ते जुन्या लोकांना विचारा. वूडी आलं जुलै २००२ मध्ये आणि त्याच्या पुढचं सार्ज यायला ६ जून २००५ उजाडला, नवीन इन्स्टॉलर तयार होईना, तो झाला तर सिक्युरिटी अपडेट बिल्ड करायची यंत्रणा तयार होईना. स्लॅकवेअर नावाच्या लिनक्सवाले त्याहून चिवट, १४.२ २०१६ च्या मध्याचं आणि १५.० फेब्रुवारी २०२२ चं, साडेपाच वर्षं. उबुंटूचं उलटं, त्यांच्या नंबरातच वर्ष आणि महिना असतो म्हणून उशीर झाला की लगेच कळतो, २००६ मध्ये एप्रिलला येणारं ६.०४ लांबून जूनमध्ये ६.०६ म्हणून आलं. फेडोरात तर गो नो-गो नावाची मीटिंगच असते, रिलीझ अडवणारा (ब्लॉकर) बग शिल्लक असला की नो-गो, आठवडाभर पुढं. फेडोरा ३७ ऑक्टोबरात यायचं होतं, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत गंभीर भोक निघणार असं कळलं म्हणून थांबवलं आणि १५ नोव्हेंबर २०२२ ला सोडलं.

उबुंटूवाल्यांची एक वेगळी तक्रार नेहमी कानावर येते, की "चोवीस आलं म्हणतात, माझ्या बावीसवर अपडेटच दाखवत नाही." तो बिघाड नाही. एका एलटीएसवरनं, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टच्या व्हर्जनवरनं, पुढच्या एलटीएसवर जायचा निरोप पॉइंट वन, म्हणजे पहिली दुरुस्ती, आल्याशिवाय देतच नाहीत. २४.०४ आलं २५ एप्रिल २०२४ ला, २४.०४.१ आलं २९ ऑगस्टला, तेसुद्धा ठरल्यापेक्षा दोन आठवडे उशिरा. तोवर गप बसायचं, जबरदस्तीनं डेव्हलपमेंटचा ऑप्शन देऊन अपग्रेड ओढायचं नाही.

आता कामाचं. नवीन व्हर्जन पाहिजे म्हणजे नेमकं काय पाहिजे? हा प्रश्न स्वतःला विचारायला पाच मिनिटं लागतात आणि निम्मी घाई तिथंच संपते. उद्यमनगरात एका वर्कशॉपचं ऑफिस मी अधूनमधून बघतो, तिथले आण्णा बुकवर्मच्या दिवसात भेटेल तेव्हा विचारायचे.

"काय रं, ते तुझं तेरा नंबर आलं का न्हाई अजून?"

"न्हाई ओ आण्णा. पण बारामध्ये अडतंय कुठं ते सांगा की आधी."

"अडत काय न्हाई. त्या पोराच्या नव्या लॅपटॉपला वायफायच दिसंना झालंय, तेवढंच."

तेवढंच! म्हणजे अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम नको होती, कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, एवढंच पाहिजे होतं. बुकवर्मचा कर्नेल ६.१, लॅपटॉप त्यानंतरचा, त्यातल्या वायफायच्या चिपची ओळखच त्या कर्नेलला नाही. यावर औषध म्हणजे बॅकपोर्ट्स. डेबियनचीच अधिकृत रिपॉझिटरी (पॅकेजचं भांडार) आहे, पुढच्या व्हर्जनमधली निवडक पॅकेज आत्ताच्या स्टेबलसाठी (जाहीर झालेल्या व्हर्जनसाठी) पुन्हा बिल्ड करून ठेवलेली असतात, बुकवर्मला ६.१२ कर्नेल तिथनंच मिळाला. नुसती ओळ घालून काही होत नाही, हेच पॅकेज बॅकपोर्ट्समधनं दे असं एपीटीला, म्हणजे पॅकेज टाकणाऱ्या टूलला, टी ऑप्शन लावून स्पष्ट सांगावं लागतं, आणि ते बरंच आहे, कारण बाकीची सिस्टीम जशीच्या तशी राहते. कर्नेल घेतला की त्याच्या जोडीचं फर्मवेअर पॅकेजपण तिथनंच घ्या, निम्मी लोकं हे विसरतात आणि मग नवीन कर्नेल घालूनपण वायफाय नाही म्हणून ओरडतात. सोर्सेसमध्ये नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग चालू आहे का तेपण बघा, बुकवर्मपासनं तो वेगळा केलाय.

पण वायफायच नाही तर हे सगळं डाउनलोड कसं करायचं? मोबाईल यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, बास, वायर्ड कनेक्शन म्हणून दिसायला लागतं. केबल मात्र डेटावाली पाहिजे, टपरीवर मिळणाऱ्या पन्नास रुपयेवाल्या कैक केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. आण्णांच्या पोराचं काम एका चहात झालं आणि तेरा नंबरचं नाव पुन्हा निघालं नाही.

उबुंटूवर असाल तर एचडब्ल्यूई नावाचा कर्नेल असतो, एलटीएसवरच नव्या हार्डवेअरसाठी दिलेला, तो घ्या.

कर्नेल नाही, एखादं ॲप्लिकेशनच नवीन पाहिजे असेल तर फ्लॅटपॅक, म्हणजे सिस्टीमपासनं वेगळं ठेवलेलं ॲप्लिकेशन, ते फ्लॅटहब या साइटवर मिळतं. फोटो एडिट करायचं जिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, तेपण २.१० नंतर जवळजवळ सात वर्षांनी, म्हणजे उशिराच्या बाबतीत ते डेबियनचेही बाप. बुकवर्ममध्ये २.१० च होतं, पण फ्लॅटहबवरनं ३ टाकून लोकं काम करत होती, सिस्टीमला धक्का नाही. पहिल्यांदा टाकताना रनटाइमसकट बराच मोठा डाउनलोड होतो, मोबाईलच्या डेटावर असाल तर आधी बघून घ्या. लिबरऑफिस बहुतेक वेळा बॅकपोर्ट्समध्येच सापडतं. आणि नुसता नवीन डेस्कटॉपचा लूक पाहिजे असेल तर थांबा, त्यासाठी काही करू नका, आयकॉन बदला आणि समाधान माना.

आता काय करायचं नाही. स्टेबलमध्ये टेस्टिंगची किंवा सिडची (टेस्टिंगच्याही आधीच्या कच्च्या व्हर्जनची) ओळ घालून एकच पॅकेज ओढायचं नाही. एक पॅकेज मागता, ते नवीन लिबसी, म्हणजे जवळजवळ सगळ्या प्रोग्रॅमच्या पायाची लायब्ररी, मागतं, लिबसी आली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं हलतं, आणि मग ती मशीन धड स्टेबल राहत नाही की धड टेस्टिंग. डेबियनवाले याला फ्रँकनडेबियन म्हणतात आणि असल्या मशीनचा बग रिपोर्ट कुणी मनावर घेत नाही. उबुंटूचे पीपीए, म्हणजे उबुंटूसाठी बनवलेल्या बाहेरच्या रिपॉझिटरी, डेबियनवर घालणं हा त्यातलाच प्रकार, सुरुवातीला चालतं म्हणून लोकांना वाटतं जमलं, अपग्रेडच्या दिवशी दणका बसतो.

आणि घाई करून टेस्टिंगवर बसलेल्यांचं मार्च २०२४ मध्ये काय झालं ते विसरू नका. एक्सझेड नावाची साधी कॉम्प्रेशनची लायब्ररी, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी पद्धतशीर बॅकडोअर (चोरवाट) घातलेलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा डेव्हलपर, त्याला एसएसएच (लांबनं मशीनवर जायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला, त्यानं खणून काढलं आणि २९ मार्चला जाहीर केलं. अर्ध्या सेकंदावरनं! आपल्याकडं लॉगिनला अर्धा मिनिट लागला तरी कुणी विचारत नाही. डेबियनच्या सिड आणि टेस्टिंगमध्ये ते पोचलेलं होतं, स्टेबलमध्ये नव्हतं. उबुंटूनं २४.०४ चा बीटा आठवडाभर पुढं ढकलला आणि पॅकेज परत बिल्ड केली. त्या आठवड्यातपण लोकं बीटा कुठाय म्हणून विचारत होतीच.

एक बारीक गोष्ट आत्ताच करून ठेवा. सोर्सेसची फाइल उघडा, जुन्या पद्धतीत डॉट लिस्ट असेल, नवीन पद्धतीत डॉट सोर्सेस. तिथं 'स्टेबल' असं लिहिलेलं असेल तर ते काढून कोडनेम लिहा, बुकवर्म असेल तर बुकवर्म, ट्रिक्सी असेल तर ट्रिक्सी. कारण 'स्टेबल' हे नाव रिलीझच्या दिवशी नव्या व्हर्जनकडं वळतं. एपीटी एकदा विचारतं की नाव बदललंय, मान्य आहे का, आणि आपण सवयीनं होय दाबतो, की झालं, सोमवारी सकाळी रोजचं अपडेट म्हणून सुरू केलेलं काम अख्ख्या अपग्रेडमध्ये शिरतं. त्यात त्या दिवशी जीएसटीची २० तारीख असली म्हणजे मग बघायलाच नको.

थांबायच्या काळात खरी काळजी करायची ती जुन्याच्या मुदतीची. नवीन दोन महिने उशिरा आलं म्हणून काही बिघडत नाही, जुन्याचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले तर बिघडतं. डेबियनमध्ये एका व्हर्जनला साधारण तीन वर्षं नियमित सपोर्ट आणि पुढं एलटीएस धरून एकूण पाच, म्हणजे बुकवर्म एलटीएससकट जून २०२८ पर्यंत आणि ट्रिक्सी जून २०३० पर्यंत. एवढा वेळ हातात असताना एका महिन्यासाठी झोप कशाला घालवायची. उलट सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस ८ या लिनक्सचं बघा, ते २०२९ पर्यंत चालेल म्हणून लोकांनी सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०२१ ला संपणार. उशीर परवडला, हे नको.

जुन्या ३२ बिट मशीनवाल्यांना वेगळं सांगतो, कारण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावकडं अजून असली डबडी ऑफिसात चालू आहेत. तुम्ही पुढच्याची वाटच बघू नका. ट्रिक्सीपासनं ३२ बिट इंटेलसाठी इन्स्टॉलरच नाही, बुकवर्म शेवटचं. वाट बघून काही येणार नाही, दुसरी वापरलेली ६४ बिट मशीन बघायला लागा.

रिलीझ यायच्या आधी तयारी अशी. बॅकअप तर घ्याच, एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि त्यातली एक फाइल उघडूनपण बघा, न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत. बाहेरच्या रिपॉझिटरी, त्या क्रोमच्या, एनीडेस्कच्या, कुठल्या प्रिंटर ड्रायव्हरच्या, अपग्रेडपुरत्या बंद करायच्या आहेत त्याची यादी लिहून ठेवा. बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर जुने कर्नेल काढून जागा करा. अकरावर असाल तर थेट तेरावर उडी मारता येत नाही, आधी बारा मग तेरा, तेव्हा मधली पायरी आत्ताच उरकून घ्या. ऑफिसात चार-पाच मशीन असतील तर एकीवर एपीटी-कॅशर-एनजी टाका, पॅकेज एकदाच डाउनलोड होतात आणि बाकीच्या मशीन तिथनं उचलतात, नेट वाचतं. आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) टॉरेंटनं घ्या, रिलीझच्या दिवशी तेच बरं पडतं, आणि चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवल्याशिवाय पेनड्राइव्हवर चढवू नका.

आणि लाइटीचं. रिलीझ जून किंवा ऑगस्टात येतंय म्हणजे आपल्याकडं ऐन पावसात. बाहेर धो धो पडतंय, रंकाळ्याचं पाणी चढलंय, आणि तुम्ही यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर दीड हजार पॅकेज अनपॅक करायला बसलाय, हे करू नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज पाहिजे, डेस्कटॉप यूपीएसवर पाहिजे, लांबनं एसएसएचवरनं करत असाल तर टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये करा म्हणजे कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं. तरी मधेच लाइट गेलीच तर मशीन चालू झाल्यावर लगेच नवीन इन्स्टॉल मारू नका, आधी डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या टूलला अर्धवट राहिलेलं कॉन्फिगर पूर्ण करायला सांगा, मग एपीटीला तुटलेलं दुरुस्त करायला सांगा, दहातल्या आठ वेळा एवढ्यावर भागतं.

एवढं करूनपण हात शिवशिवत असतील तर फ्रीजच्या काळात टेस्टिंग करा, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर. इन्स्टॉलरचे आरसी, म्हणजे रिलीझआधीची चाचणीची व्हर्जन, येतात, ते टाकून बघा, चालला तरी इन्स्टॉलेशन रिपोर्ट पाठवा, नाही चालला तर नक्की पाठवा. रिपोर्टबग नावाचं टूल आहे, ते व्हर्जन वगैरे आपोआप भरतं. आधी तोच बग कुणी टाकलाय का बघायचं, मग साध्या इंग्रजीत तीनच गोष्टी, मी काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. 'काम करत नाही, लवकर करा' हा बग रिपोर्ट नव्हे.

आपण एक गोष्ट तपासू शकतो जी जर्मनीत बसलेला डेव्हलपर तपासणार नाही, मराठी. लिबरऑफिसमध्ये 'तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं कौलं उडाली' असं टाइप करा. 'सऱ्या' मधला तो आडवा र नीट येतोय का, पीडीएफ केल्यावर टिकतोय का, त्या पीडीएफमधनं कॉपी करून परत चिकटवला तर काय होतंय. शिवाय हा र दोन प्रकारे टाइप होतो, काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात आणि काही साधा र, हलंत आणि मधे न दिसणारं जॉइनर. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका पद्धतीनं लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं तर सापडत नाही. आयबस या कीबोर्ड बदलायच्या टूलवर इनस्क्रिप्टनं एकदा आणि फोनेटिकनं एकदा टाइप करून बघा, फाइलींची नावं मराठीत देऊन बघा, टर्मिनलमध्ये ती कशी दिसतात बघा. रिलीझनंतर सहा महिने 'मराठी फॉन्ट फाटतोय' म्हणून बोंबलत बसण्यापेक्षा फ्रीजमध्ये एक रिपोर्ट टाकलेला जास्त कामाला येतो.

हे काहीच पटत नसेल आणि ताजंच पाहिजे असेल तर डेबियन सोडा ना, भांडण कशाला. फेडोरा वर्षाला दोनदा येतं, आर्च आणि टम्बलवीड या लिनक्समध्ये तर नवीन पॅकेज कायम येतच राहतात. फक्त बिलिंगच्या मशीनवर नको.

आणि एकदाचं रिलीझ आलं की पहिल्या दिवशी उडी मारू नका. रिलीझ नोट्समधलं अपग्रेडचं प्रकरण पूर्ण वाचा, त्यात माहीत असलेल्या अडचणी लिहिलेल्या असतात. घरचा लॅपटॉप त्या आठवड्यात करा हवं तर. दुकानाच्या, ऑफिसच्या मशीनला पॉइंट वन येऊ द्या, ट्रिक्सीचं १३.१ महिन्याभरात, ६ सप्टेंबर २०२५ ला आलं होतं. जीएसटीची ११ आणि २० तारीख टाळून सुट्टीचा वार धरा, एका वेळी एकच मशीन घ्या, आणि ती झाली की उठायच्या आधी प्रिंटरवर एक बिल मारून बघा.